‘नाही’ म्हणणारी टेबलं

जगातल्या बड्या बड्या कंपन्यांचे जमाखर्च सांभाळणारं सॅप हे जर्मन सॉफ्टवेअर. त्याच्या ईसीसी या आवृत्तीत एका व्हाउचरवर जास्तीत जास्त ९९९ ओळी बसतात. हजारावी ओळ आली की पोस्टिंग थांबतं आणि ‘एफ५ ७२७’ या क्रमांकाचा निरोप येतो : ओळींची कमाल संख्या गाठली. कंपनीची उलाढाल किती हजार कोटींची आहे, सर्व्हर किती महागाचा आहे, याच्याशी त्या निरोपाला काही देणंघेणं नसतं. कारण शोधायला गेलं तर हसू येतं. ‘बीसेग’ नावाच्या टेबलात ओळीचा क्रमांक लिहायला जो रकाना आहे, तो तीन आकडी आहे. तीन आकड्यांत ९९९च्या पुढे कुणालाच जाता येत नाही.

एका व्हाउचरला हजार ओळी कोण लिहिणार, असं तो रकाना आखणाऱ्याला वाटलं असेल, आणि त्याच्या काळात ते रास्तच होतं. पुढे सुपरमार्केटच्या साखळ्या आल्या. दिवसभराची विक्री रात्री एका दमात हिशेबात ओतायची पद्धत आली. एकाच बँक पेमेंटमध्ये हजारो बिलं भागवली जाऊ लागली. व्यवहार वाढत गेले आणि रकाना तेवढाच राहिला.

मला या निरोपाचं फार अप्रूप वाटतं. हजारावी ओळ गुपचूप गाळून टाकणं सॉफ्टवेअरला सहज शक्य होतं. तिचा पहिला आकडा कापून ‘०००’ लिहून टाकणंही शक्य होतं. पण ते अडून बसलं आणि का अडलं तेही क्रमांकासकट सांगून मोकळं झालं. ‘सिस्टिमने परत एरर दिला’ म्हणून आपण ऑफिसात कपाळाला हात लावतो, तेव्हा बहुतेक वेळा आतल्या एखाद्या टेबलाने चुकीची नोंद घ्यायला साफ नकार दिलेला असतो. हा नकार कुठून येतो, तो देण्याची अक्कल टेबलाला कुणी शिकवली आणि तो वाचायचा कसा, याची गोष्ट कुठल्याही रहस्यकथेइतकी रंगतदार आहे.

साध्या टेबलामागचं गणित

१९६०च्या दशकात अपोलो चांद्रमोहिमेच्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी आयबीएमने आयएमएस नावाची प्रणाली उभी केली. तिच्यात माहिती झाडासारखी लावलेली असे : मोठ्या भागाखाली लहान भाग, त्याखाली आणखी लहान. एखादा स्क्रू शोधायचा तर कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जायचं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागे. फांदी हलली की प्रोग्रॅम मोडलाच.

त्याच आयबीएममध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे एडगर कॉड हा इंग्रज गणिती काम करत होता. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. १९७० साली त्याने एक शोधनिबंध छापला. त्याचं म्हणणं असं : माहिती साध्या टेबलांत ठेवा. प्रत्येक ओळीची ओळख तिच्या किल्लीने, म्हणजे ‘प्रायमरी की’ने पटली पाहिजे, आणि एका किल्लीच्या दोन ओळी कधीही असता कामा नयेत. विचारणाऱ्याने काय हवं ते सांगावं. ते डिस्कवर कुठे पडलंय, याची उठाठेव यंत्राने करावी. १९७४मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या कल्पनेसाठी भाषा घडवली, तीच आजची एसक्यूएल. गंमत म्हणजे कॉडची कल्पना बाजारात आणण्यात आयबीएम मागे पडली. १९७७मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ओरॅकल म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९७९मध्येच असा डेटाबेस विकायला काढला. कॉडला १९८१मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

इकडे जर्मनीत १९७२ साली आयबीएमच्याच पाच अभियंत्यांनी नोकरी सोडून सॅपची स्थापना केली : डिटमार हॉप, हासो प्लाटनर, क्लाउस चिरा, हान्स-वर्नर हेक्टर आणि क्लाउस वेलनरॉयथर. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होतं ऑस्ट्रिंगेन इथला आयसीआय कंपनीचा नायलॉनचा कारखाना. स्वतःचा संगणक नव्हता, म्हणून ते गिऱ्हाइकाच्याच यंत्रावर काम करत. त्या काळी पंचकार्डांचे गठ्ठे साठवून रात्री एकदम चालवायची रीत होती. नोंद केली की त्याच क्षणी ती हिशेबात दिसावी, हा या पाच जणांचा ध्यास होता. मालाचं ‘मारा’, गिऱ्हाइकांचं ‘केएनए१’, पुरवठादारांचं ‘एलएफए१’, व्हाउचरच्या मथळ्याचं ‘बीकेपीएफ’, त्याच्या ओळींचं ‘बीसेग’ ही टेबलांची नावं आजही जगभरच्या सॅपवाल्यांच्या तोंडी आहेत.

एका सॅप प्रणालीत अशी पन्नास हजारांहून जास्त टेबलं असतात. आपण एक अक्षरही भरण्याआधी! आपण ‘सेव्ह’ दाबतो तेव्हा त्यांतली किती हलतात, हे पाहिलं की एरर रोज का येत नाहीत याचंच नवल वाटू लागतं.

एक नंबर, एकदाच

आता एका एररच्या जरा जवळ जाऊ. विक्रीच्या ऑर्डरी ‘व्हीबीएके’ या टेबलात राहतात. प्रत्येक ऑर्डरला नवा नंबर हवा. तो देण्याचं काम ‘एनआरआयव्ही’ या छोट्या टेबलाचं. त्यातल्या एका ओळीत एवढंच लिहिलेलं असतं : कुठून कुठपर्यंतचे नंबर द्यायचे आणि आत्तापर्यंत कुठला दिला.

समजा, कंपनीने जुन्या सर्व्हरवरच्या ऑर्डरी नव्या सर्व्हरवर आणल्या. ऑर्डरी आल्या, पण ती एक ओळ जुन्याच आकड्यावर राहिली. सोमवारी सकाळी विक्री विभागातली बाई ऑर्डर भरते, सेव्ह करते. पडद्याच्या तळाशी हिरवी खूण येते, नंबरही मिळतो. ती तो गिऱ्हाइकाला फोनवर सांगून टाकते. मग जरा वेळाने तिच्याच पडद्यावर तातडीचा निरोप झळकतो : ‘अपडेट वॉज टर्मिनेटेड’. ऑर्डर उघडायला जावं तर त्या नंबरवर भलत्याच गिऱ्हाइकाची जुनी ऑर्डर.

झालं असं : काउंटरने, म्हणजे ‘एनआरआयव्ही’तल्या त्या ओळीने, दिलेला नंबर टेबलात आधीपासूनच होता. टेबलाने दुसरी ओळ घेतली नाही. प्रोग्रॅम तिथेच कोसळला. सॅपच्या भाषेत ‘डंप आला’. डंपाचं नाव ‘सॅपएसक्यूएल अॅरे इन्सर्ट डुपरेक’. नाव भीतीदायक, अर्थ सरळ : या किल्लीची ओळ आधीच आहे. दुरुस्ती काही मिनिटांची असते. टेबलातला सगळ्यात मोठा नंबर शोधायचा आणि काउंटर त्याच्या पुढे नेऊन ठेवायचा. पण टेबलाने तो नकार दिला नसता तर? एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीवर दुसऱ्याची ऑर्डर बसली असती आणि माल निघाल्यावर कधीतरी कळलं असतं.

नंबरांचं आणखी एक कोडं हिशेब तपासनिसांना हमखास छळतं : मधलेच नंबर गायब कसे? नवीन नंबर मागणारे शेकडो जण एकाच ओळीपाशी रांग लावतात, म्हणून सॅपमध्ये सर्व्हर नंबरांची एक गड्डीच उचलून आपल्या मेमरीत ठेवू शकतो. काम झपाट्याने होतं. मात्र सर्व्हर बंद झाला की गड्डीतले उरलेले नंबर कायमचे गेले. चोरी नाही, लबाडी नाही, फक्त वेगाची किंमत. आपल्याकडे जीएसटीच्या नियम ४६नुसार बिलाचा नंबर सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. त्यामुळे बिलांच्या मालिकेला अशी गड्डी लावायची की नाही, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न थेट कायद्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

काउंटर संपला तर काय होतं, तेही जगाने पाहिलंय. बेसकॅम्प ही कामकाजाचं नियोजन करायची लोकप्रिय सेवा नोव्हेंबर २०१८मध्ये काही तास फक्त वाचण्यापुरती उरली. तिच्या एका टेबलातला ओळक्रमांक २,१४,७४,८३,६४७ला पोचला होता. ३२ बिटांच्या रकान्यात मावणारा हा सगळ्यात मोठा धन पूर्णांक. पुढची ओळ टेबलाने घेतली नाही. ९९९चीच गोष्ट, दोनशे कोटींच्या पलीकडे घडलेली.

सगळं, नाहीतर काहीच नाही

गोदामातून माल निघाला. साठा कमी झाला पाहिजे, मालाच्या हालचालीची नोंद झाली पाहिजे, हिशेबात नावे आणि जमा पडली पाहिजे. ही सगळी वेगवेगळी टेबलं. निम्मी लिहून झाली आणि वीज गेली तर?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जिम ग्रे या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने हयात घालवली आणि १९९८मध्ये त्यालाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एका व्यवहाराचे सगळे बदल मिळून एक ‘ट्रॅन्झॅक्शन’. ते पूर्ण होईल किंवा झालंच नव्हतं असं होईल. मधली अवस्था कुणालाही दिसणार नाही. त्यासाठी डेटाबेस टेबलातला बदल पक्का करण्याआधी काय करणार आहोत ते वेगळ्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. वीज परत आली की तो लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा उभे करतो आणि अर्धवट राहिलेले पुसून टाकतो. रात्री सर्व्हर धाडकन बंद पडला तरी सकाळी ताळेबंद जुळलेला असतो, ही खरं तर टाळ्या वाजवायची गोष्ट. आपण मात्र चहा पिऊन कामाला लागतो.

हा लॉग भरत जातो, त्याच्या प्रती एका डिस्कवर साठत जातात. सॅपखाली ओरॅकलचा डेटाबेस असेल, तर ती डिस्क भरली की तो ‘ओआरए-००२५७’ म्हणतो आणि सगळी कंपनी ठप्प. कुठलाही डंप येत नाही, चूक दिसत नाही, फक्त सगळ्यांच्या पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत राहतं. नवख्या माणसाला वाटतं, एवढ्याशा जागेसाठी कारखाना कशाला अडवायचा? पण त्या प्रती नसतील तर उद्या डिस्क जळाल्यावर आजचा दिवस परत आणता येणार नाही. ज्याची हमी देता येत नाही असा व्यवहार डेटाबेस स्वीकारत नाही. जागा करायला त्या फायली घाईघाईने हाताने उडवणं हे यातलं महापाप. आधी बॅकअप घ्यायचा, मगच जागा मोकळी करायची.

दोघांनी एकाच वेळी एकच ओळ बदलायला घेतली, तर कुलपाची, म्हणजे ‘लॉक’ची गरज पडते. सॅपचं लॉकचं टेबल डिस्कवर नसतंच. ते मेमरीत असतं आणि ‘एसएम१२’ या पडद्यावर दिसतं. कुणी, किती वाजता, कुठल्या टेबलाची कुठली ओळ धरून ठेवलीय. ‘ऑर्डर दुसऱ्या युजरकडे आहे’ या तक्रारीमागे पुष्कळदा ऑर्डर उघडी ठेवून जेवायला गेलेला सहकारी निघतो. जाणता माणूस लॉक उडवण्याआधी त्याला फोन करतो, कारण त्या लॉकमागे खरंच अर्धवट काम चालू असू शकतं.

लॉकचा सगळ्यात सुंदर पेच म्हणजे डेडलॉक. एक प्रोग्रॅम आधी खिळ्यांचा साठा बदलतो, मग पत्र्याचा. दुसरा आधी पत्र्याचा, मग खिळ्यांचा. पहिल्याने खिळे धरलेत, दुसऱ्याने पत्रा. अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्यांसारखे दोघंही एकमेकांची वाट बघत थांबलेत. डेटाबेस हे वर्तुळ स्वतःच ओळखतो, एकाला माघारी धाडतो आणि ‘ओआरए-०००६०’ असा निरोप देतो. यावरचा इलाज ऐकून मी चकितच झालो होतो. दोन्ही प्रोग्रॅमनी बदल करण्याआधी माल क्रमांकाने ओळीत लावून घ्यायचा. दोघंही एकाच क्रमाने निघाले की वर्तुळ तयारच होत नाही. कारखाना अडवणारा पेच, आणि उपाय एका ‘सॉर्ट’चा!

नकारांच्या या मालिकेत माझा सगळ्यात लाडका आहे ‘ओआरए-०१५५५’, म्हणजे ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’. महिनाअखेरचा एखादा रिपोर्ट तास-दोन तास चालतो. त्या वेळात शेकडो लोक तीच टेबलं बदलत असतात. तरीही रिपोर्टला तो सुरू झाला त्या क्षणाचंच चित्र दिसलं पाहिजे, नाहीतर वरची बेरीज दहा वाजताची आणि खालची बाराची व्हायची. ओरॅकल बदललेल्या ओळींचं जुनं रूप एका राखीव जागेत जपून ठेवतो आणि रिपोर्ट त्या ओळीपाशी आला की ते जोडून जुनी ओळ पुन्हा घडवतो. ती राखीव जागा अपुरी पडली, जुनी रूपं पुसली गेली, की तो सांगतो : दहा वाजता काय होतं ते आता मला दाखवता येत नाही. आत्ताचे आकडे देऊन वेळ मारून नेणं त्याला जमलं असतं. ते तो करत नाही.

टेबल दिसतं, पण असतं का?

सॅपमध्ये आणखी एक अचंबा आहे. प्रत्येक टेबलाची माहिती दोन ठिकाणी असते. एक सॅपच्या स्वतःच्या कोशात, ज्याला डेटा डिक्शनरी म्हणतात; दुसरी खालच्या डेटाबेसमध्ये. वरचा कोश म्हणतो, टेबलात बारा रकाने आहेत. खालचा डेटाबेस म्हणतो, अकरा. ही तफावत आली की प्रोग्रॅम नसलेला रकाना मागतो आणि आपटतो.

जुन्या ईसीसीत ‘बीसेग’ची तर कमालच होती. सॅपमध्ये ते रोज वापरलं जाणारं टेबल. तेच थेट ओरॅकलमध्ये जाऊन शोधलं, तर ‘ओआरए-००९४२’ : असं टेबल अस्तित्वात नाही. कारण व्हाउचरच्या ओळी ‘आरएफबीएलजी’ नावाच्या दुसऱ्याच टेबलात गाठोडं बांधून ठेवलेल्या असत आणि ते गाठोडं सोडून ‘बीसेग’ दाखवण्याचं काम सॅप करत असे. ज्या टेबलावर कंपनीचा सगळा हिशेब उभा, ते डेटाबेसच्या लेखी नव्हतंच.

टेबलाचा आराखडा बदलायचा, उदाहरणार्थ रकान्याचा प्रकार बदलायचा, तर कधी कधी सगळ्या ओळी नव्या साच्यात ओतून घ्याव्या लागतात. हे काम ‘एसई१४’ या साधनातून चालतं. सॅप जुन्या टेबलाचं नाव बदलून त्यापुढे ‘क्यूसीएम’ लावतो, मूळ नावाने नवं रिकामं टेबल बनवतो, मग एकेक ओळ इकडून तिकडे नेतो. सगळ्या ओळी पोचल्या की जुनं टेबल टाकून देतो. मध्येच जागा संपली किंवा काम तुटलं, तर दृश्य काळीज थांबवणारं असतं : टेबल आहे, पण आत एकही ओळ नाही!

अशा वेळी पडद्यावर दोन गोल खुणा असतात. एकीवर लिहिलेलं असतं ‘सेव्ह डेटा’, दुसरीवर ‘डिलीट डेटा’. घाबरलेल्या माणसाचा हात कुठल्या खुणेवर जाईल, सांगता येत नाही. शहाणा माणूस हात मागे घेतो आणि आधी ‘क्यूसीएम’वालं टेबल शोधतो. सगळ्या ओळी तिथे शाबूत असतात. अडथळा दूर केला आणि तुटलेलं काम पुढे चालू ठेवलं की त्या आपोआप घरी येतात.

चुका, ज्या ओरडत नाहीत

आत्तापर्यंतच्या सगळ्या एररांनी आरडाओरडा केला. खरी धास्ती घ्यायची ती गप्प बसणाऱ्यांची.

सॅपमध्ये गिऱ्हाईक क्रमांकाचा रकाना दहा अक्षरांचा आहे. पडद्यावर ‘४७११’ दिसतं, पण टेबलात असतं ‘००००००४७११’. आत जाताना शून्यं लावायची आणि बाहेर येताना काढायची, हे काम पडदा मुकाट्याने करतो. आता कंपनीने गिऱ्हाइकांच्या खास सवलतींसाठी स्वतःचं टेबल बनवलं. अशा घरगुती टेबलांची नावं ‘झेड’ किंवा ‘वाय’ने सुरू होतात. त्यात एक्सेलमधून माहिती भरताना कुणीतरी शून्यं न लावता नुसतं ‘४७११’ टाकलं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसला मात्र ते दोन निराळे शब्द. सवलत शोधणारा प्रोग्रॅम शून्यंवाल्या क्रमांकाने शोधतो, त्याला ओळ सापडत नाही, सवलत लागत नाही आणि बिल पूर्ण रकमेचं निघतं. डंप नाही, लाल दिवा नाही. पहिली सूचना येते ती चिडलेल्या गिऱ्हाइकाकडून. टेबल उघडताना शून्यं लपवणारं रूपांतर बंद केलं की चूक क्षणात उघडी पडते. ते बंद करून बघायचं सुचणं, यातच सगळं कौशल्य.

सॅपची प्रोग्रॅमिंगची भाषा ‘अबाप’. तिच्यातला ‘फॉर ऑल एंट्रीज’ हा शब्दप्रयोग तर असल्या चुकांचं माहेरघर. ‘या यादीतल्या प्रत्येक ऑर्डरीच्या ओळी आण’ असं त्याने सांगता येतं. यादीच रिकामी असेल, तर साधी समज म्हणते, काहीच येणार नाही. प्रत्यक्षात ती अट गळून पडते आणि टेबलातल्या सगळ्या ओळी चालत येतात. टेबल मोठं असेल तर मेमरी संपून डंप येतो, आणि ते नशीबच म्हणायचं. टेबल लहान असेल तर चुकीचा रिपोर्ट छान रंगीत छापून निघतो. हाच प्रयोग एकसारख्या दिसणाऱ्या ओळी आपणहून एकच करतो. प्रोग्रॅमरने ओळक्रमांक न मागता फक्त गिऱ्हाईक आणि रक्कम मागितली, तर पाच-पाच हजारांच्या दोन ओळींची एकच होते आणि बेरीज पाच हजारांनी कमी भरते. प्रत्येक पायरी आखून दिलेल्या नियमाप्रमाणेच चाललेली, आणि उत्तर चूक.

माग काढणारी माणसं

पुण्यात हिंजवडी-खराडीला आणि नवी मुंबईत ऐरोलीला बसून युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांची तिकिटं, म्हणजे अशा एररांच्या तक्रारी, सोडवणारी कितीतरी मराठी माणसं आहेत. त्यांची पद्धत बघण्यासारखी असते.

डंप आला असेल तर ‘एसटी२२’ उघडायचं. तिथे काय झालं, कुठल्या प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळीवर झालं, त्या क्षणी कुठल्या चलात काय होतं, सगळं लिहिलेलं असतं. मेलेल्या ओळीपुढे बाणही काढलेला असतो. सेव्ह झाल्यानंतर काम तुटलं असेल तर ‘एसएम१३’, लॉक असेल तर ‘एसएम१२’, मशीनच कण्हत असेल तर ‘एसएम२१’चा सिस्टिम लॉग. काहीच सापडलं नाही तर ‘एसटी०५’चा ट्रेस लावायचा आणि प्रोग्रॅमने डेटाबेसला नेमकं काय विचारलं ते शब्दशः वाचायचं. प्रोग्रॅम काय विचारतो असं आपल्याला वाटतं आणि तो खरोखर काय विचारतो, यातलं अंतर तिथे उघड होतं.

याआधी मात्र तीन साधे प्रश्न : एकालाच होतंय की सगळ्यांना? कधीपासून? आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा ‘काहीच नाही’ म्हणतो. मुरलेला माणूस तरीही आदल्या रात्री प्रणालीवर काय काय चढवलं गेलं त्याची यादी काढतो. नवा रकाना वापरणारा प्रोग्रॅम चढलाय आणि रकान्याचं काम मागे राहिलंय, असं तिथे नेहमी सापडतं.

टेबलातला चुकलेला आकडा थेट हाताने बदलण्याचा मोह इथे प्रत्येकाला होतो. ‘एसई१६एन’ या पडद्यावर एक सांकेतिक शब्द टाकला की टेबल लिहिण्यासाठी उघडायचं, हे सॅपवाल्यांचं उघड गुपित होतं; सॅपने पुढे ते दार बंद केलं. कारण एका टेबलातला आकडा बदलला तरी त्याच्याशी बांधलेली बाकीची टेबलं जुनंच सांगत राहतात, आणि आज बुजवलेली तफावत वर्षअखेरीला दुप्पट होऊन समोर येते.

या तफावतींवरचा मोठा तोडगा २०१५मध्ये आलेल्या एस/४हाना या आवृत्तीत दिसतो. जुन्या ईसीसीत व्हाउचरच्या ओळी एका टेबलात आणि खात्यांच्या बेरजा दुसऱ्यात असत. दोन्ही जुळतात का, हे पाहायला वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागे. नव्या आवृत्तीत हिशेबाच्या ओळी ‘एसीडीओसीए’ या एका टेबलात एकत्र आल्या. मागाल तेव्हा बेरीज त्याच क्षणी मोजली जाते. साठवून ठेवायची गरजच उरली नाही. बेरजांची वेगळी प्रत नाही, त्यामुळे ओळी आणि बेरजा यांत विसंगती नाही. त्या टेबलातला ओळक्रमांकाचा रकानाही सहा आकडी केलाय.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी ऑफिसात, बँकेत किंवा कारखान्यात पडद्यावर एरर आला तर तो घाईने बंद करू नका आणि सेव्हचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. निरोप पूर्ण वाचा. त्याचा क्रमांक, वेळ, कुठला पडदा उघडा होता, कुठल्या व्हाउचरवर काम चाललं होतं, एवढं लिहून घ्या आणि सपोर्टवाल्यांना पाठवा. ‘सिस्टिम चालत नाही’ या तीन शब्दांवरून कुणालाच काही शोधता येत नाही. क्रमांक आणि वेळ हातात असली, तर निम्मं काम तिथेच झालेलं असतं.